कागदावर लिहिलं होतं, ‘वजन कमी करा’

रुग्ण स्त्री, वय ४४. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ९४ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४०.७. कमरेचा घेर ११२ सेंटिमीटर. राहणार भांडुप पश्चिम, डोंगराच्या अंगाची चाळ, दहा बाय पंधराची खोली. घरात सासूबाई, नवरा, बारावीतला मुलगा, आठवीतली मुलगी. नोकरी हिंदमाताजवळच्या एका साडीच्या दुकानात. तक्रारी: पाळीत अंगावरून खूप जाणं, गुडघेदुखी, कायमचा थकवा.

केसपेपरचं पहिलं पान एवढंच होतं. मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते. आमच्याकडे रुग्ण येतो तो बहुतेक वेळा पैशाची जुळवाजुळव करायला. या ताईही तशाच आल्या. त्यांचं नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि सारख्याच परिस्थितीतल्या आणखी एक-दोन कुटुंबांचे अनुभवही यात मिसळले आहेत. त्यांना एक यंत्र घ्यायचं होतं आणि पैसे कमी पडत होते. पण ते यंत्र का लागलं आणि इतक्या उशिरा का लागलं, हे कळायला बरंच मागे जावं लागलं.

कागदांची पिशवी

ताईंनी माझ्या टेबलावर कागदांची पिशवी रिकामी केली. पिशवी अर्थातच साडीच्या दुकानाची. आत चार वर्षांचे कागद. फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी: रक्तदाबाची गोळी, खाली ‘वजन कमी करा’. हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी: दोन्ही गुडघ्यांची झीज, वेदनाशामक गोळ्या, मलम, ‘वजन कमी करा’ आणि त्याखाली पेनाने ओढलेल्या दोन रेघा. मधुमेह शिबिरातला कागद: एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) ७.४, ‘वजन कमी करा, रोज ४५ मिनिटं चाला’. स्त्रीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी: हिमोग्लोबिन ८.९, लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड, ‘वजन कमी करा’. एका कागदावर चालायला सांगितलं होतं, दुसऱ्यावर जिने टाळायला. घर डोंगरावर, पायऱ्या चढल्याशिवाय दारच येत नाही.

हा सल्ला चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे मोजून दाखवलेलं आहे. चरबीच्या पेशी इस्ट्रोजेन तयार करतात. अंगावर चरबी जास्त असली आणि पाळी अनियमित असली की गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं, खूप रक्तस्राव होतो आणि पुढे त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. रक्तदाब, साखर, यकृतातली चरबी, सगळ्यांची मुळं तिथेच जातात. म्हणजे ताईंच्या अंगात जे चाललं होतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं कारण वजन हेच होतं. अडचण अशी की या सगळ्या कागदांवर तो सल्ला तपासणीच्या जागी येऊन बसला होता. वजन कमी करा म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. थकवा का आहे? वजन. डोकं का दुखतं? वजन. दोन गोळ्या चालू असताना दाब १५८/९८ का? वजनच.

ताईंनी सल्ला ऐकला नव्हता असंही नाही. दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत त्यांनी केली. पाच किलो उतरले, मग दिवाळीचा सीझन आला, दुकानात उभ्या-उभ्या जेवण आणि रात्री साडेदहाला घरी, तिथे ती मोडली. ओळखीच्या एका बाईकडून शेकची पावडर घेतली. टीव्हीवर दाखवतात तसला घाम काढणारा पट्टा घेतला. सकाळी जिरं-ओव्याचं पाणी तर आजही चालू आहे. या सगळ्याचा खर्च त्यांनी किराणाच्या वहीत मागच्या पानांवर लिहून ठेवला होता. मी बेरीज केली, चार वर्षांत अडतीस हजारांच्या आसपास गेले होते.

गादीवरून माळ्यावर

साडीच्या जुन्या धाटणीच्या दुकानात पांढऱ्या चादरीची गादी असते. विकणारा मांडी घालून बसतो, मागून गठ्ठे येतात, एकेक साडी झटक्यात उलगडायची, गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं की तिच्यावर दुसरी. नवरीला रंग हवा असतो, तिच्या आईला काठ आणि पैसे देणाऱ्या मामाला ‘आणखी थोडं कमी होईल का’. ताई या तिघांशी एकाच वेळी बोलू शकत. लग्नसराईत पगारावर कमिशन मिळायचं. त्यातूनच मुलाच्या क्लासची फी भरली होती.

आधी मांडी गेली. गुडघे वाकेनात, बसलं तर उठवेना. त्यांनी स्टूल मागितलं. गादीवर स्टूल शोभत नाही, असं उत्तर आलं. (केरळमध्ये कापडदुकानांतल्या बायकांनी बसायच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथल्या दुकान कायद्यात तशी दुरुस्ती झाली, तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं. ताईंची अडचण उलटी. बसायला मिळत होतं, पण जमिनीवर.) मग खांद्यावर पदर टाकून दाखवायचं काम गेलं. मालक गिऱ्हाइकासमोरच म्हणाले, “पदर हिला टाकू दे, तुमच्यावर काठ कळत नाही.” ही म्हणजे नवीन लागलेली बावीस वर्षांची मुलगी. ताई मला हे सांगताना हसत होत्या. मोठ्या अंगाच्या बायकांना अशा वेळी हसायची सवय लागलेली असते, आपण हसलो नाही तर समोरचा जास्त बोलतो.

तिसरी गोष्ट झोप. दुपारी दुकान रिकामं असताना ताई भिंतीला टेकल्या की मान पडायची. अर्धवट घडी केलेली पैठणी मांडीवर आणि तोंड उघडं, असा व्हिडिओ दुकानातल्या एका पोराने काढला आणि दुकानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. त्या आठवड्यात ताईंना वर माळ्यावर पाठवलं. काम काय, तर फॉल-पिकोला गेलेल्या साड्यांच्या पावत्या जुळवणं. मूळ पगार सोळा हजार तसाच राहिला, कमिशन गेलं. माळ्यावर जायला लोखंडी शिडी, तीही अरुंद. कोणी कामावरून काढलं नाही, कोणी पत्र दिलं नाही. त्यामुळे दाद मागायची तर कशाबद्दल, हाही प्रश्नच.

येण्याजाण्याचं सांगायचं तर लोकल पकडणाऱ्या कुठल्याही बाईला ते वेगळं सांगायला नको. तिघींच्या बाकावर चौथी सीट हा मुंबईचा अलिखित करार आहे. तिघी थोड्या सरकतात, चौथी अर्धी टेकते. ताई आल्या की कोणी सरकत नसे, किंवा सरकून झाल्यावर नजर अशी टाकत की ताई स्वतःच म्हणायच्या, “बसा तुम्ही, मला उतरायचंच आहे.” दादर ते भांडुप. जागा मिळालीच तर लगेच झोप लागायची आणि जाग यायची मुलुंडला, कधी थेट ठाण्याला. स्टेशनबाहेर शेअर रिक्षात मागे तिघांची जागा. दोघांचे पैसे द्या, असं सांगणारा रिक्षावाला रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी भेटायचाच. स्वतःचा नवरा रिक्षा चालवत असताना हे ऐकून घ्यावं लागतं, याचं त्यांना जास्त लागायचं.

“गाढ झोपते हो ती”

समाजसेवा विभागातून आम्ही घरी जातो. ताई कामावर होत्या, सासूबाई भेटल्या. सून कशी झोपते, असं विचारलं तर म्हणाल्या, “गाढ झोपते हो ती. अख्ख्या चाळीला ऐकू जातं.” घोरणं म्हणजे गाढ झोप, हा आपल्याकडचा फार पक्का समज आहे. मग आजी पुढे जे बोलल्या ते एकाही कागदावर नव्हतं. “मध्येच आवाज बंद होतो. एकदम शांत. मग दचकल्यासारखा मोठा श्वास घेते. मला वाटायचं, स्वप्न पडतंय.”

दहा बाय पंधरात पाच माणसं. मुलगा बारावीचा अभ्यास मंडळाच्या अभ्यासिकेत करायचा आणि झोपायला मित्राकडे जायचा. मुलगी कानात कापूस घालून. नवऱ्याने तर रिक्षाची पाळीच बदलून घेतली होती. रिक्षा भाड्याची, दिवसपाळी एकाची, रात्रपाळी दुसऱ्याची. याने रात्र घेतली. कारण विचारलं तर म्हणाला, रात्री ट्रॅफिक कमी असतं. आजींनी खरं सांगितलं: “त्याला झोप मिळत नव्हती. भांडण नको म्हणून बाहेर पडला.” घोरण्याने एका घराची झोपायची व्यवस्था बदलली, कमाईची वेळ बदलली आणि नवरा-बायको समोरासमोर येणं जवळजवळ थांबलं. कुठल्याही आरोग्य पाहणीत हे सापडणार नाही.

ताई रात्री तीनदा लघवीला उठायच्या. ‘साखर आहे ना, म्हणून’, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. शौचालय चाळीच्या टोकाला, चार पायऱ्या उतरून. गुडघे असे, दिवा असेल तर असेल. म्हणून त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणं बंद केलं होतं. तरी उठावं लागायचंच. सकाळी उठल्यावर कपाळ जड. चहा, क्रोसिन आणि लोकल.

ज्याने विचारलं तो भूलतज्ज्ञ

अस्तर जाड असल्यामुळे ताईंना गर्भाशय तपासून तुकडा काढण्यासाठी दाखल केलं. छोटी शस्त्रक्रिया, पण भूल द्यायची होती. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला आला. निवासी डॉक्टर, तरुण, घाईत. त्याने वजनाबद्दल काहीही न बोलता विचारलं, “घोरता का?”

तो कर्तव्याचा भाग म्हणून विचारत होता. ‘स्टॉप-बँग’ नावाची आठ प्रश्नांची एक यादी आहे. टोरोंटोच्या भूलतज्ज्ञांनी ती तयार केली आणि २००८ मध्ये मांडली. मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबल्याचं कोणी पाहिलंय का, रक्तदाब आहे का. मग बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुष आहे का. पाच किंवा जास्त ‘हो’ म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा धोका मोठा. ताई पन्नाशीच्या आत, मान ३८ सेंटिमीटर, बाई. तरी पाच ‘हो’ आले. श्वास थांबल्याचं कोणी पाहिलंय का, याचं उत्तर ताईंना माहीत नव्हतं, ते शेजारी बसलेल्या सासूबाईंनी दिलं.

शस्त्रक्रिया पुढे ढकलली. ताई चिडल्या, दोन दिवसांचा पगार फुकट गेला म्हणून. मग झोपेची तपासणी झाली. अंगाला वायरी, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. अहवालात आलं: तासाला सरासरी ४६ वेळा श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडतो, प्रत्येक वेळी किमान दहा सेकंद. तासाला ३० च्या वर गेलं की त्याला तीव्र म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन सगळ्यात खाली ७१ टक्क्यांपर्यंत उतरला होता.

होतं असं: माणूस झोपला की घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ, टाळू आणि घशाच्या भिंतींवर चरबी साठलेली असेल तर आधीच अरुंद झालेली वाट मिटते. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही, ऑक्सिजन घसरतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळचं डोकं जड होतं ते याने. मग मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, अॅड्रिनॅलिन उसळतं, माणूस अर्धवट जागा होऊन मोठा श्वास घेतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. रात्री झोपेत जो रक्तदाब उतरायला हवा तो उतरत नाही, म्हणून दोन गोळ्या असूनही १५८. बंद वाटेविरुद्ध छाती ओढत राहिली की हृदयाच्या वरच्या कप्प्यावर ताण येतो. ते मूत्रपिंडाला लघवी वाढवायचा इशारा देणारं संप्रेरक सोडतं, म्हणून रात्रीच्या तीन फेऱ्या. झोप तुटत राहिली की इन्सुलिनचं कामही बिघडतं.

आता वजनाचा मुद्दा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात तरुण, निरोगी पुरुषांना फक्त दोन रात्री चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि त्यांना गोड, खारट, पिठूळ पदार्थांचीच ओढ जास्त लागली. ताईंची झोप तर वर्षानुवर्षं मोडत होती. संध्याकाळी पाच वाजता त्यांचा हात वडापावकडे का जायचा, याचं एक कारण इथे आहे. वजनामुळे श्वास अडतो, श्वास अडल्याने झोप जाते, झोप गेल्याने भूक वाढते, चालायला त्राण उरत नाही आणि वजन वाढतं. या फेऱ्यात सापडलेल्या बाईला ‘मनावर घ्या जरा’ म्हणून सांगितलं जात होतं.

जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचा अहवाल आला. फक्त बीएमआयवरून लठ्ठपणाचं निदान करू नका, अवयवांचं काम बिघडलंय का ते पाहा आणि बिघडलं असेल तर तो स्वतंत्र आजार समजून उपचार करा, असं त्यात सांगितलं आहे. बिघाडाच्या खुणांच्या यादीत झोपेत श्वास अडणंही आहे. मला हा बदल आवडतो. वजन किती, या प्रश्नावर घरात भांडण होतं. वजनाने काय बिघडवलंय, या प्रश्नावर निदान कामाला सुरुवात होते.

बारीक माणसाची साखर

घरभेटीत मी सगळ्यांची साखर तपासायला सांगितली. नवरा नाखूश होता. “मला काय झालंय? सगळं हिचंच चाललंय.” अंगाने शिडशिडीत, बीएमआय २३. फक्त शर्टाखाली पोट, घेर ९४ सेंटिमीटर. त्याचं एचबीए१सी ७.१ आलं. साडेसहाच्या वर मधुमेह.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडची बारीक दिसणारी माणसं आतून किती चरबी बाळगून असतात, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. म्हणूनच भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर आणि लठ्ठपणाची ३० ऐवजी २५ वर धरतात. पोटाचा घेर पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं सांगतात.

घरात गेली चार वर्षं ताटात काय वाढायचं ते फक्त ताईंच्या ताटाकडे बघून ठरत होतं. नवऱ्याला तूप, साखर, रात्रीच्या गाडीवरची भुर्जी-पाव, सगळं माफ. त्याचं अंग दिसत नव्हतं म्हणून त्याला कोणी विचारलं नाही. तिचं दिसत होतं म्हणून तिलाही कोणी नीट विचारलं नाही.

पर्याय आणि पैसे

डॉक्टरांनी तीन गोष्टी मांडल्या. मी त्या ताईंना रुपयांत मांडून दाखवल्या, कारण माझं काम तेच.

पहिली, आठवड्याचं इंजेक्शन. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. त्याच्या सगळ्यात मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास वजन उतरल्याचं चाचण्यांत दिसलं आहे आणि लठ्ठपणासोबत झोपेत श्वास अडत असेल तर त्यासाठीही अमेरिकेत त्याला डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. पण बाजारात आलं तेव्हा सुरुवातीच्या मात्रेची कुपी ३,५०० रुपयांची होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला चौदा हजार. ताईंचा पगार सोळा. शिवाय बंद केलं की उतरलेलं बरंचसं वजन परत येतं. ताईंनी एकच विचारलं, “मग ते घ्यायचं आणि खायचं काय?”

दुसरी, जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया. बीएमआय ४० च्या वर असल्याने त्या पात्र होत्या. विमा कंपन्यांच्या अटीही साधारण याच आहेत: बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत तीव्र स्लीप अॅप्निया (म्हणजे हेच झोपेत श्वास अडणं), आटोक्यात नसलेला मधुमेह, हृदयविकार असं काही. पण रिक्षावाल्याच्या घरात विमा नव्हता. सार्वजनिक रुग्णालयात ही शस्त्रक्रिया कमी खर्चात होते, मात्र प्रतीक्षायादी असते आणि नंतरची सुट्टी बिनपगारी. शिवाय आधी झोपेतला श्वास सुधारल्याशिवाय भूल देणं धोक्याचं. तो विचार पुढे ढकलला.

तिसरी, सीपॅप. हे ते यंत्र. नाकावर मास्क, नळीतून हवेचा हलका दाब, घशाची वाट मिटत नाही. श्वास पहिल्या रात्रीपासून सुरळीत होतो. किंमत चाळीस हजारांच्या जवळ. हे वजन उतरवत नाही, उलट काहींचं किंचित वाढल्याचंही अभ्यासांत दिसलं आहे. ते ताईंना आधीच सांगितलं, नाहीतर हाही एक पट्टा किंवा पावडर ठरली असती.

दोन धर्मादाय संस्थांना अर्ज केले, एकीने निम्मे दिले. बाकीच्यात ताईंच्या भिशीचा नंबर लवकर लावून घेतला आणि दोन हजार माहेरून आले. पुरवठादाराने महिनाभर यंत्र भाड्याने वापरून बघू दिलं, ते बरं झालं. पहिल्या आठवड्यात मास्कची पट्टी गालावर वळ उठवायची आणि मुलगी म्हणायची, “आई, तू पायलट दिसतेस.” शेजारणींना वाटलं ऑक्सिजन लावलाय, म्हणजे आता काही खरं नाही. एक दिवस दोघीतिघी नारळ घेऊन भेटायला आल्या.

एक वर्ष झाल्यावर

सकाळची डोकेदुखी पहिल्या पंधरवड्यातच गेली. रात्रीचं उठणं तीनवरून एकावर आलं, मग कधी कधी शून्यावर. रक्तदाबाची एक गोळी बंद झाली. गर्भाशयाच्या तुकड्यात कर्करोग नव्हता, फक्त अस्तर वाढलेलं. गर्भाशयात हार्मोन सोडणारं छोटं साधन बसवलं, रक्तस्राव आटोक्यात आला, हिमोग्लोबिन ११.४. यंत्रातली नोंद सांगते, आठवड्यातल्या पाच रात्री चार तासांहून जास्त वापर. सातही हव्यात, पण गणपतीत मालवणकडे गावी गेल्यावर वीज गेली की यंत्र बंद, आणि उशाला दोन उशा लावून कुशीवर झोपायचं हाच उपाय. एवढं आम्ही चालवून घेतो.

वजन ९४ वरून ८८. सहा किलो ऐकायला कमी वाटतात. पण दहा टक्के वजन उतरलं तर श्वास अडण्याचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्शाने घटतं, असं एका मोठ्या दीर्घकालीन अमेरिकन अभ्यासात आढळलं आहे आणि ताई त्या आकड्याच्या अर्ध्यापलीकडे आल्या आहेत. काय बदललं, असं विचारलं तर म्हणाल्या, संध्याकाळी पाचला आता डोळे मिटत नाहीत, मग वडापाव आठवतो पण रोज नाही. भाताऐवजी दोन भाकऱ्या, मुगाची उसळ, रात्रीचं जेवण नऊच्या आत, कारण आता त्यांची सुट्टी लवकर होते.

ती लवकर होते, कारण साडीचं दुकान त्यांनी सोडलं. कमिशन परत मिळेल का, असं त्यांनी एकदा विचारून पाहिलं, ‘बघू’ म्हणाले. ओळखीतून भांडुपलाच एका मॅचिंग सेंटरमध्ये काम मिळालं. पगार चौदा हजार, दोन हजार कमी. पण उंच स्टूल आहे, लोकल नाही आणि ब्लाउजपीसचा रंग साडीला जुळवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. नवरा दिवसपाळीवर परत आला. त्याच्या साखरेची गोळी आणि ताईंची गोळी एकाच डब्यात असते. त्याची तो विसरतो.

शस्त्रक्रियेचं अजून ठरलेलं नाही. ताईंचं मत निम्मं-निम्मं आहे, माझंही. गुडघे आणि साखर बघता करावी असं डॉक्टर म्हणतात. आधी मुलाचं कॉलेजचं ठरू दे, असं ताई म्हणतात. पंचेचाळिशीच्या बाईने स्वतःचं ऑपरेशन घरातल्या बाकी सगळ्या कामांच्या मागे टाकलं, तर मुंबईत त्याचं कोणाला नवल वाटत नाही. भारतात शहरी भागात १५ ते ४९ वयाच्या तीनपैकी एका बाईचा बीएमआय २५ किंवा त्याच्या वर आहे, हा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा. त्यातल्या किती जणींना कोणी घोरण्याबद्दल विचारलं असेल, कोण जाणे.

सध्या माझ्या यादीत या घरातलं वेगळंच नाव आहे. मुलगी, आता नववीत. वजन वयाच्या मानाने जास्त, पाळी अनियमित, मानेवर काळसर पट्टा, जो इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकतो. आजी तिच्या ताटातली पोळी काढून घेतात आणि म्हणतात, “आईसारखी होशील.” ताईंनी सासूबाईंना हे बोलायचं नाही म्हणून सांगितलंय, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. पुढच्या गुरुवारी मुलीला ओपीडीत बोलावलंय. आजींनाही सोबत आणा असं सांगितलंय; त्या पाहिलेलं नीट सांगतात.